चौकोन कुणाचा काळा

कालवं संपेपर्यंत कुणी भांडायचं नाही, हा कोन्सोर्सिया दादिवासचा घरातला जुना नियम होता. म्हणूनच प्रत्येक कार्याला ती गरजेपेक्षा दोन टोपल्या जास्त मागवायची. आज तिच्या नवऱ्याला, माक्सिमिनोला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, तिने वर्षभराचा काळा झगा उतरवून निळा घातला, अंगणातल्या मांडवात पन्नासेक पाहुणे भाजलेल्या डुकराभोवती बसले, आणि कालवांची दुसरी टोपली अर्धी होते न होते तोच हेराल्डिनने आतल्या टेबलावरची ताटं बाजूला सारून एक भलामोठा पांढरा कागद पसरला. नियम मोडला तो पोटच्या पोरीने.

"बापाच्या वर्षाला नकाशा कसला पसरतेस, इंदाय?" कोन्सोर्सियाने लेकीला विचारलं.

"नकाशाच आहे, नानाय. आपल्या घराण्याचा."

हेराल्डिन आठ वर्षं जेद्दाला नर्स होती. परत आल्यापासून तिला सगळं लेखी लागायचं. तिच्या शेजारी शहरातून आलेली दुसरी नर्स बसली होती, क्लोरिंडा नावाची, पन्नाशीची, जाड भिंगांची. तिने पिशवीतून पेन्सिल, पट्टी, खोडरबर काढून ओळीने मांडलं.

"पुरुष म्हणजे चौकोन," क्लोरिंडा म्हणाली. "बाई म्हणजे गोल. ज्याला आजार आहे किंवा होता, तो काळा करायचा. तीन पिढ्या हव्यात. तीन वाजता व्हॅन निघेल. मनिलाचे डॉक्टर वर्षातून दोनदा येतात, आज पाचपर्यंत आहेत."

"काळा म्हणजे अगदी काळाच का?" रोदेलियोने विचारलं. हा कोन्सोर्सियाचा थोरला, गावचा नगरसेवक. मे महिन्यात उपमहापौरपदाची निवडणूक लढवणार होता आणि ते ठरल्यापासून त्याला प्रत्येक रंगात मतं दिसत होती. "राखाडी नाही चालणार?"

"राखाडी आजार नसतो, सर."

"नाही, म्हणजे बाहेर पन्नास माणसं जेवतायत. मतदार आहेत सगळे. उद्या गावभर होईल की दादिवासांकडे लुबाग आहे."

शब्द तोंडातून निसटला होता. या घरात मान-हातपाय पिळवटणाऱ्या त्या आजाराला 'ते' म्हणायची पद्धत होती. शेजाऱ्यांच्या घरात मात्र तो बिनदिक्कत लुबाग असे. आपला तो बाब्या.

पडद्यामागच्या खोलीत कोन्सोर्सियाचा दुसरा मुलगा आरिस्तोन होता. पाहुणे आहेत म्हणून त्याला सकाळपासून तिथे बसवलं होतं. कोन्सोर्सियाच्या मते हे त्याच्याच भल्यासाठी होतं. अडतिसाव्या वर्षी या पोराचं जे काही झालं होतं, ते चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं. तो बँकेत पहारेकरी होता. दोन वर्षांपूर्वी त्याची मान आपसूक डावीकडे वळायला लागली, आणि डावीकडे नेमकी नवी कॅशियर बसायची. मॅनेजरने तीनदा समज दिली. मग बायको माहेरी निघून गेली. पहिल्या डॉक्टरांनी ताण म्हणून जीवनसत्त्वं दिली, दुसऱ्यांनी पक्षाघात सांगितला. मालीशवाल्याने मान धरून अशी पिरगळली की तो आठ दिवस झोपून होता. देवऋषी बाई म्हणाली, गाडी ठेवायला जागा करताना तोडलेल्या झाडावरचे लोक रागावलेत, त्यांना पांढरं डुक्कर द्या. ते दिलं. झाडावरचे लोक डुक्कर खाऊन गप्प बसले आणि आरिस्तोनचा पाय आत वळायला लागला.

त्यात त्याचे एकेक चमत्कार. हनुवटीला नुसतं बोट लावलं की मान सरळ व्हायची. घरचे म्हणत, विचारवंताचा आव आणतोय. पुढे चालताना पाय पीळ खायचा, पण उलटा, पाठीमागे, तो झपझप चालायचा. रोदेलियोने तेव्हा भर टेबलावर निकाल दिला होता, "ज्याला मागे चालता येतं त्याला पुढे येत नाही? सोंग आहे, सोंग!" क्लोरिंडाने सकाळी नेमक्या याच दोन गोष्टी त्याला करायला लावल्या आणि वहीत लिहून घेतल्या. हनुवटीचं बोट बघून तर ती जवळजवळ खूश झाली. आरिस्तोनच्या आजाराचं कौतुक करणारी ती पहिलीच.

"नानाय," हेराल्डिन हळू आवाजात म्हणाली, "त्याचं वजन चौदा किलोने उतरलंय. जबडा मिटत नाही, घास पुढे जात नाही. डॉक्टर जबड्यात सुया देतील, त्या जागच्या आखडलेल्या शिरा सैल पडतील आणि तो जेवेल. पुढे मेंदूत तार बसवायच्या यादीत नाव लागेल. पण त्या यादीला घराण्याचा कागद लागतो. आईकडून आलेला आजार आहे हे त्यात दिसायला हवं."

"कुणाकडून?" कोन्सोर्सियाने विचारलं. तिच्या हातातलं कालव उघडायचं राहून गेलं.

"ते नंतर सांगते," क्लोरिंडा म्हणाली. "आधी माणसं सांगा."

माणसं सांगायला रोदेलियो पुढे सरसावला. सभेत बोलायची सवय. "आमच्याकडे हे आलं ते लोलो तोरकुआतोकडून. वडिलांचे वडील. पाय ओढत चालायचे, सगळ्या गावाने पाहिलंय. करा तो चौकोन काळा, आणि मिटवा. मेलेला माणूस आहे, त्याचं काय जातंय?"

टेबलाच्या टोकाला बसलेली तिया प्रेसेंतासियोन इतका वेळ प्रॉन सोलत होती. माक्सिमिनोची धाकटी बहीण, सदुसष्ट वर्षांची, गावच्या शाळेतली निवृत्त गणिताची बाई. तिने बोटं पुसली. "माझ्या बापाचा पाय उसाच्या गाडीखाली आला होता. मी सहा वर्षांची होते. हाड मी डोळ्यांनी पाहिलं."

"तिया, ते तू नेहमीच सांगतेस."

"नेहमी सांगते कारण नेहमी कुणी ऐकत नाही."

"बाकी काही होतं का त्यांना?" क्लोरिंडाने तिलाच विचारलं. "मान, जबडा, हात?"

"ऐंशीव्या वर्षी उसाचं कांडं दाताने सोलायचे."

क्लोरिंडाने तो चौकोन पांढराच ठेवला. रोदेलियोने निवडणुकीतला प्रतिस्पर्धी बघावा तसा त्या चौकोनाकडे बघितलं. कोन्सोर्सिया मात्र कागदाकडे बघत नव्हती. ती प्रेसेंतासियोनच्या हातांकडे बघत होती. हे हात तिने पंचेचाळीस वर्षं बघितले होते. एकदा त्यातल्या एका बोटात अंगठी येता येता राहिली होती. ते कसं राहिलं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस आज निळा झगा घालून कालव हातात धरून बसलं होतं.

"आता ऐका," क्लोरिंडाने पेन्सिल खाली ठेवली. "बाप मुलाला हा आजार देऊच शकत नाही. ज्या धाग्यावर तो बसतो तो धागा मुलाला फक्त आईकडून मिळतो. बाई स्वतः बहुतेक ठणठणीत राहते, पण निम्म्या मुलांच्या पदरात टाकते. म्हणून तुमचे लोलो तोरकुआतो दोन्ही पायांनी लंगडत असते तरी आरिस्तोनला त्यांच्याकडून काही येणार नव्हतं."

आता कुणी कालवांकडेही बघेना. मांडवातून कुणीतरी माडीचा आणखी एक जग मागितला.

"निम्म्या?" रोदेलियोने विचारलं. त्याने टेबलाखाली आपली पावलं एकमेकांशेजारी लावून पाहिली, सरळ आहेत की नाहीत ते. "म्हणजे मलाही..?"

"चाळिशीच्या आसपास सुरू होतं बहुतेक. तुम्ही चव्वेचाळीसचे. तपासलेलं बरं."

"आणि मला?" हेराल्डिनने विचारलं. ती नर्स होती, तिला उत्तर माहीत होतं, पण तिचा मुलगा तीन वर्षांचा होता आणि आत्ता बाहेर कुणाच्या तरी मांडीवर बसून डुकराची कुरकुरीत कातडी खात होता.

"तुझ्यात असायची शक्यता निम्मी. असली, तर त्याच्या वाट्याला येण्याची पुन्हा निम्मी. बघता येतं. पण आधी वरचा धागा सापडायला हवा." क्लोरिंडाने पेन्सिल कागदाच्या उजव्या, मोकळ्या बाजूला टेकवली. "नानाय, तुमचं माहेर. तुम्हाला भाऊ किती?"

"एक," कोन्सोर्सिया म्हणाली. "तो बुडाला."

"तियो इरेनेओ," रोदेलियोने पुरवणी जोडली. पावलांची काळजी जराशी सोडून तो पुन्हा सभेत शिरला. "बोटीवर होते आमचे मामा. मोठे खलाशी. वादळात गेले. आम्ही दरवर्षी त्यांच्या नावाने मेणबत्ती लावतो."

क्लोरिंडाने चष्मा काढून पुसला. "कोणत्या बोटीवर?"

"नॉर्वेच्या," रोदेलियो म्हणाला.

"ग्रीक ना?" हेराल्डिन म्हणाली. "मला तर नानायने ग्रीक सांगितली होती. टँकर."

दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. कोन्सोर्सियाला वाटलं, खोटं बोलणाऱ्याने वही ठेवायला हवी. तेवढी अक्कल आपल्याला सुचली नाही.

"मी अठरा वर्षं या किनाऱ्यावर हे कागद भरते," क्लोरिंडा म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "सुरुवातीला मी विचारायचे, घरात लुबाग कुणाला होता? कुणालाच नसायचा. आता विचारते, बोटीवर जाऊन परत न आलेलं कोण? प्रत्येक घरात निघतो एकतरी. आपल्या इथून जेवढी माणसं बोटीवर गेली म्हणतात, तेवढ्या जगात बोटी नसतील. निम्मी मागच्या खोलीत होती."

"माझा भाऊ बुडाला," कोन्सोर्सिया पुन्हा म्हणाली.

"ठीक आहे. मग मी 'माहीत नाही' लिहिते. यादीत आज नाव लागणार नाही. पुढच्या खेपेला, सहा महिन्यांनी बघू."

सहा महिने. कोन्सोर्सियाने मनातल्या मनात आरिस्तोनच्या मनगटाचा घेर आठवला. काल तिच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात ते मावलं होतं. तरीही ती स्वतःला सांगत राहिली की घराची अब्रू राखायलाही कुणीतरी लागतं. झाकली मूठ होती, तोवर सगळ्यांचीच होती.

तेवढ्यात पडदा हलला आणि आरिस्तोन बाहेर आला. आधी त्याची पाठ आली, कारण तो उलटा चालत होता. मांडवातल्या पाहुण्यांना खिडकीतून सगळं दिसत होतं. रोदेलियो उठून खिडकी लावायला धावला.

"राहू दे उघडी," हेराल्डिन थोरल्या भावावर ओरडली. "बस खाली, मानोंग!"

आरिस्तोन टेबलाशी पोचला, वळला, हनुवटीला बोट लावलं. मान हळूहळू मध्यावर आली. बोलायला त्याला वेळ लागायचा, एकेक शब्द जबड्यातून ढकलावा लागायचा, आणि एरवी घरातलं कुणीतरी त्याचं वाक्य आपल्या सोयीने पुरं करून टाकायचं. आज कुणी केलं नाही.

"नानाय," तो म्हणाला. "तू मला... भरवतेस ना. पहिल्याच दिवशी... तू गालावर बोट ठेवलंस. बरोबर जागेवर. मग जबडा मिटला. पेजेत केळं कुस्करलंस... घास घसरावा म्हणून. डोकं उजवीकडे टेकवलंस." त्याने दम घेतला. "मालीशवाल्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं. तुला कुणी शिकवलं?"

कोन्सोर्सियाने कालव ताटात ठेवलं. तिला एकदम फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आपण पकडलो गेलो याचा राग आला, आणि मग रागही टिकला नाही.

"इरेनेओने," ती म्हणाली.

क्लोरिंडाने पेन्सिल उचलली, पण काही लिहिलं नाही. वाट बघत राहिली.

"छत्तिसाव्या वर्षी सुरू झालं. आधी पाय. मग मान. मग तोंड. सात वर्षं मागच्या खोलीत होता. पाहुणे आले की आई खिडकी लावायची आणि तो आत ओरडायचा, मग आम्ही रेडिओ मोठा करायचो. माझं लग्न ठरायचं होतं, म्हणून तो बोटीवर गेला. बाबांनीच ठरवलं. गावात पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली, पोरगा परदेशी बोटीवर लागला म्हणून. मी लग्नानंतर दर शनिवारी बाजाराला जायचे ना, ती बाजाराला नाही जायचे. त्याला भरवायला जायचे. ब्याऐंशी साली गेला. त्याला पुरलं रात्री, आणि वादळ कुठलं तरी पेपरात शोधलं."

"कधीपासून माहीत होतं तुला की हे तुमच्याकडचं आहे?" हेराल्डिनने विचारलं.

"माझ्या आईचा भाऊही बोटीवर गेला होता, इंदाय."

क्लोरिंडाने दोन चौकोन काळे केले. पेन्सिलीचा खरखर आवाज पुरेसा मोठा होता. रोदेलियोने ते काळे चौकोन बघितले आणि पहिल्यांदाच त्याला निवडणूक आठवली नाही. तो आपल्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, जो बहुधा सरळच होता.

मग वेळच उरला नाही. व्हॅनचा भोंगा वाजला. हेराल्डिनने कागदाची गुंडाळी केली. आरिस्तोनला मागच्या दाराने न्यावं असं रोदेलियो सवयीने म्हणाला आणि आपलंच बोलणं ऐकून त्याने भावाच्या काखेत हात घातला. मांडवातून, पन्नास मतदारांच्या मधून, नगरसेवक आपल्या भावाला उलटा चालवत घेऊन गेला. वाटेत कुणी घास थांबवला, कुणी क्रूस केला. एका म्हाताऱ्याने आरिस्तोनच्या पाठीवर थोपटून म्हटलं, "आमचा पोरगाही बोटीवर होता रे बाबा." त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं, पण तोवर तो बोलून गेला होता.

घरात दोघीच राहिल्या. प्रेसेंतासियोनने पुन्हा प्रॉन सोलायला घेतला होता. सोललेले ती खात नव्हती, ताटात रचत होती.

"बोल काहीतरी," कोन्सोर्सिया म्हणाली. "शिव्या दे."

"एक्याऐंशी सालचा मे महिना," प्रेसेंतासियोन म्हणाली. गणिताची बाई, तारखेत चुकायची नाही. "बेलिसारिओची आई आपल्याकडे आली होती. माझी अंगठी ठरली होती. जाताना तिने तुला पायरीवर थांबवून विचारलं, या घराण्यात ते आहे का? मी खिडकीत उभी होते, मानांग. तू काय म्हणालीस ते ऐकू नाही आलं."

"मी काहीच म्हणाले नाही. देवाशपथ."

"मग?"

कोन्सोर्सियाला खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षांच्या सरावाने ते जिभेवर आयतंच होतं. "अंगणात मामंजी चालले होते," ती म्हणाली. "मी त्यांच्या पायाकडे बघितलं. आणि उसासा टाकला. माझ्या माहेराकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून."

प्रेसेंतासियोनने हातातला प्रॉन ताटात ठेवला. मग उठली, हात धुतले, पदर नसलेल्या झग्याच्या सुरकुत्या झटकल्या.

"चल."

"कुठे?"

"दोन्या फेर्मिनाकडे. बेलिसारिओची आई अजून जिवंत आहे."

"प्रेसेंता, चौऱ्याण्णव वर्षांची आहे ती! बेलिसारिओ मनिलाला आजोबा झालाय. आता कुणाला काय फरक पडतो?"

"मला."

"उद्या जाऊ. पाहुणे आहेत."

"चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईच्या बाबतीत उद्या म्हणायचं नसतं."

त्या दोघी मांडवातून बाहेर पडल्या तेव्हा पाहुण्यांनी दुसऱ्यांदा घास थांबवला. आर्सेनासांचं, म्हणजे बेलिसारिओच्या घराण्याचं घर बाजाराच्या तोंडाशी, मासळीच्या टोपल्या आणि ट्रायसायकलींचा थांबा यांच्या मधोमध. दोन्या फेर्मिना पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीत बसली होती, मांडीवर पंखा, अंगाचा पार सांगाडा. जिना चढायला कोन्सोर्सियाचे गुडघे तयार नव्हते आणि प्रेसेंतासियोन थांबायला तयार नव्हती, म्हणून तिने कोन्सोर्सियाला रस्त्यावरच, गॅलरीखाली उभं केलं.

"दोन्या फेर्मिना," कोन्सोर्सिया वर बघून म्हणाली, "मी दादिवासांची सून. तुम्ही मागे एकदा मला एक विचारलं होतं."

"काय?" म्हातारी वाकली. "मोठ्याने बोल. कान गेलेत."

कोन्सोर्सियाने आजूबाजूला बघितलं. मासळीवाल्या होत्या. ट्रायसायकलवाले सहा होते. नवऱ्याच्या मिस्सेला आलेले अर्धे लोक जेवून इथूनच घरी परतत होते.

"मामंजींच्या पायाला काही नव्हतं!" ती जरा मोठ्याने म्हणाली. "गाडीखाली आला होता तो!"

"कोण गाडीखाली आला?"

"लुबाग दादिवासांचा नाही!" आता कोन्सोर्सिया ओरडलीच. मासळीवालीचा सुरा थांबला. "माझ्या माहेरचा आहे! माझा भाऊ बोटीवर गेला नव्हता! घरातच होता!"

दोन्या फेर्मिनाने हे सगळं नीट ऐकून घेतलं. पंखा दोनदा हलवला. मग तिची नजर कोन्सोर्सियावरून सरकून शेजारी ताठ उभ्या असलेल्या प्रेसेंतासियोनवर आली आणि तिथे रेंगाळली. चेहरा कुठे बघितलाय ते तिला आठवेना.

"तू शाळेतली बाई ना गं?" ती म्हणाली. "चांगली दिसायचीस की. मग लग्न का नाही केलंस?"

इतकी वर्षं या बाईसमोर बोलायला प्रेसेंतासियोनने वाक्यं जुळवून ठेवली होती, आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"माझ्यामुळे," कोन्सोर्सिया म्हणाली.

"काय?"

कोन्सोर्सियाने प्रेसेंतासियोनचा हात धरला. तिने तो झटकून टाकला. मग कोन्सोर्सियाने दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली,

"माझ्यामुळे!"